आमचे तबल्याचे दुकान आणि 'किरकोळ खर्च'

(खरगपूर येथे गणेशोत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या मंडळाच्या कौटुंबिक मेळाव्यात केलेले भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना थोडी काटछाट केली आहे.)

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्येष्ठ सभासद, बंधु-भगिनींनो आणि मागच्या रांगेत बसून भाषण कधी संपते याची वाट पाहणाऱ्या बालमित्रांनो,



कार्यकारिणीने मला 'दोन शब्द बोला' असे सांगितले तेव्हा मला वाटले, विषय रेल्वेचा असणार. मी कॅरेज अँड वॅगन खात्यातला माणूस. चाके, ब्रेक, बेअरिंग यांवर मी तासभर बोलू शकतो आणि ऐकणाऱ्याला झोप लागेल याची हमीही देऊ शकतो. पण सेक्रेटरी म्हणाले, "नाही हो, वहिनींच्या दुकानाबद्दल बोला." मी म्हटले, मग वहिनींनाच बोलवा की! तर आमची सौ. म्हणाली, "मी रोज मुलांपुढे बोलते तेवढे पुरे. तुम्हीच बोला, आणि खरे तेच बोला." म्हणून मी इथे उभा आहे. मी डिप्लोमावाला आहे, साहित्यिक नाही. चूकभूल द्यावी घ्यावी.

आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे, आपण मराठी माणसे या बंगालच्या मुलखात कशी आलो ते. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे स्थापन झाली आणि एका टोकाला नागपूर व दुसऱ्या टोकाला बंगाल अशी गाठ बसली. त्या गाठीनेच आपल्यापैकी कित्येकांचे आजे-पणजे इथल्या वर्कशॉपात आले. मी मात्र अलीकडचा. वर्ध्याकडचा मी, पॉलिटेक्निकमधून मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि २००४ साली ज्युनियर इंजिनिअर म्हणून इथे रुजू झालो. तेव्हा आपला प्लॅटफॉर्म जगात सर्वांत लांब म्हणून मिरवत होता. गावी गेलो की मीही ती फुशारकी मारायचो. तो मान २०१३ मध्ये गोरखपूरने नेला आणि २०२३ मध्ये हुबळीने. १०७२ मीटर चालून पाय दुखायचे ते मात्र अजून दुखतात!

२००७ साली लग्न झाले. सौ. अमरावतीची, गांधर्व महाविद्यालय मंडळाची तबला विशारद. सासरी येताना तिने दागिन्यांपेक्षा तबला-डग्गा जास्त जपून आणला. हावडा मेलच्या स्लीपरमध्ये डग्गा मांडीवर घेऊन ती रात्रभर बसली होती. मी म्हटले, "बर्थखाली ठेव." ती म्हणाली, "कोणाचा पाय लागेल." तेव्हाच मला कळायला हवे होते की या घरात माझा नंबर दुसरा लागणार आहे.

सुरुवातीला ती क्वार्टरमध्येच शेजारच्या चार मुलांना शिकवायची. चाराची नऊ झाली. वरच्या मजल्यावर रात्रपाळी करून झोपलेल्या ड्रायव्हरसाहेबांची तक्रार आली आणि ती रास्तच होती. शिवाय सरकारी क्वार्टर म्हणजे क्लास चालवायची जागा नव्हे. म्हणून २०११ साली गोलबाजारच्या थोडे आत दोन खोल्या भाड्याने घेतल्या. पुढच्या खोलीत दुकान, मागच्या खोलीत क्लास. हा धंदा सर्वस्वी तिचा, तिच्या नावाचा. रेल्वे नोकराला खासगी व्यापार करता येत नाही, आणि घरातले कोणी करत असेल तर खात्याला कळवावे लागते. ते पत्र मी पहिल्याच महिन्यात दिले. माझे काम रविवारी झाडू मारणे, हिशोब तपासणे आणि जड सामान उचलणे. त्याला पगार नाही, चहा मिळतो.

आता पहिली चूक सांगतो. ती माझी आहे, सौ.ची नाही.

दुकान उघडायचे तर माल हवा. कोलकात्याला लालबाजारजवळ रवींद्र सरणीवर, म्हणजे जुन्या चितपूर रोडवर, वाद्यांची दुकाने आहेत हे सर्वांना माहीत आहे. आपल्यापासून हावडा सुमारे ११५ किलोमीटर. सौ. म्हणत होती की एकेक जोडी वाजवून, पारखून घेऊ. मी म्हटले, "अगं, घाऊक घेतले तर दर कमी पडतो." आणि एका घाऊक व्यापाऱ्याकडून मी बारा जोड्या एकदम उचलल्या. दिसायला सुरेख! डग्ग्याला आरशासारखी चकाकी, खोडाला गडद पॉलिश. जून महिन्यात इथला पाऊस सुरू झाला आणि पंधरा दिवसांत त्यांतल्या सात जोड्या मुक्या झाल्या. चामडे ओल धरून सैल पडले, शाईचे पापुद्रे निघाले. 'ना' वाजवला की पुठ्ठ्यावर टिचकी मारल्यासारखा आवाज. पालक वाद्ये परत घेऊन आले. एक गृहस्थ म्हणाले, "बाबू, याच्यापेक्षा आमचा डालड्याचा डबा बरा वाजतो." पैसे परत दिले. त्या महिन्यात माझ्या पगारातून दुकानाचे भाडे भरले. सौ. एक शब्द बोलली नाही. ते जास्त लागले.

तेव्हा आमच्या दुकानात एक म्हातारे कारागीर आले. त्यांचे नाव सांगत नाही, त्यांना आवडणार नाही. मुले त्यांना 'दादू' म्हणतात, बंगालीत आजोबांना म्हणतात तसे. आपणही दादूच म्हणू. बाजारात एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसून ते खोल, ढोलक, तबला सगळे मढवून द्यायचे. त्यांनी आमची एक मुकी जोडी हातात घेतली. वाजवली नाही. नुसता अंगठा शाईवरून फिरवला आणि म्हणाले, "एका दमात थापली आहे. शाई अशी नाही लागत, दीदीमोनी."

मग पुढचे चार दिवस मी ड्यूटी संपली की त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो. बंधूंनो, मी वर्कशॉपात भलीभली यंत्रे पाहिली आहेत, पण इतके बारकाईचे काम क्वचित पाहिले.

आपण तबल्याची पुडी म्हणतो ती म्हणजे एक चामडे नव्हे. बकऱ्याच्या कमावलेल्या कातड्याचा मुख्य पडदा, त्याच्यावर कडेने दुसऱ्या कातड्याची चाट, मधे उघडी राहते ती लव, आणि केंद्रात शाई. भोवती वादीचा विणलेला गजरा, त्याला सोळा घरे, आणि खोडाला ताण देण्यासाठी आठ लाकडी गठ्ठे. इथले लोक पुडीला 'छाउनी' म्हणतात आणि शाईला 'गाब'. शाई म्हणजे लोखंडाची बारीक काळी पूड आणि खळ यांचा लगदा. पण तो नुसता फासायचा नसतो. बोटाने पातळ थर द्यायचा, थोडा सुकू द्यायचा, मग गुळगुळीत दगडाने घासायचा. घासताना त्याला केसासारख्या बारीक भेगा पडतात. पुन्हा थर, पुन्हा घासणे. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा जरा लहान, म्हणजे मधे जाड आणि कडेला पातळ. मी विचारले, "दादू, भेगा पडल्या म्हणजे काम बिघडले ना?" आमच्या खात्यात भेग दिसली की चाक बाद! ते हसले. म्हणाले, "भेग नसेल तर गाब दगड होतो. दगड बोलतो का?" त्या भेगांमुळेच शाई कातड्याबरोबर लवते, थरथरते. एका दमात थापलेली शाई लवत नाही, म्हणून उखडते.

मला कुतूहल वाटले. शाई मुळात हवीच कशाला? शोधाशोध केली तेव्हा सर सी. व्ही. रामन यांचे नाव सापडले. रामन तरुणपणी सरकारच्या अर्थखात्यात अधिकारी होते. १९०७ पासून कोलकात्याला नोकरी. मधे थोडा काळ रंगून आणि आपले नागपूरही झाले. ऑफिसआधी आणि ऑफिसनंतर ते बहुबाजार रस्त्यावरच्या विज्ञान संस्थेत जाऊन प्रयोग करायचे. दहा वर्षे असे चालले. १९१७ मध्ये नोकरी सोडून ते प्राध्यापक झाले. १९२० साली त्यांनी शिवकाली कुमार या सहकाऱ्याबरोबर 'नेचर' या नियतकालिकात आपल्या तबला-मृदंगावर एक टिपण छापले आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंध लिहिला.

त्याचा मथितार्थ साध्या भाषेत असा. कोणत्याही साध्या गोल पडद्यावर थाप मारली तर मूळ स्वराबरोबर जे उपस्वर निघतात ते मूळ स्वराच्या १.५९ पट, २.१४ पट, २.३० पट असे वेडेवाकडे असतात. म्हणून साध्या ढोलातून धमक निघते, सूर निघत नाही. तबल्यात मधे शाईचे वजन दिले की तेच उपस्वर सरकून दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशा नीट पायरीवर येतात, तंबोऱ्याच्या तारेसारखे. रामन यांनी पुडीवर बारीक वाळू पसरून, ती कुठे थांबते ते पाहून हे दाखवले. कंपनाचे पहिले नऊ प्रकार पाच स्वरांत गोळा होतात. म्हणजे शाई ही शोभेची टिकली नव्हे. तीच तबल्याला सूर देते.

हे सगळे मी उत्साहाने दादूंना सांगितले. ते ऐकून घेऊन म्हणाले, "साहेबांनी बरोबर सांगितले. आता तो दगड इकडे द्या."

त्या सात जोड्या दादूंनी दीड महिन्यात बोलत्या केल्या. तेव्हापासून ते आमच्या दुकानात रोज दुपारी बसू लागले, आणि आमचे दुकान खऱ्या अर्थाने दुकान झाले. कारण वाद्याचा धंदा विक्रीवर चालत नाही हे आम्हाला कळले. तबला माणूस एकदा घेतो आणि वीस वर्षे वाजवतो, पुडी मात्र वरचेवर बदलावी लागते. दुरुस्ती असेल तर गिऱ्हाईक परत येते, परत आले की मुलाचे नाव क्लासला घालते, आणि क्लासमधला मुलगा मोठा झाला की चांगली जोडी घेतो. गाडी या तीन चाकांवर चालते, आणि त्यातले दुरुस्तीचे चाक निखळले की बाकीची दोन जागेवर थांबतात.

आणि काय काय येते म्हणता आमच्याकडे! आपले खरगपूर म्हणजे छोटा भारत. कीर्तनवाल्यांचे मातीचे श्रीखोल येतात. पडले की फुटतात, म्हणून लेकरासारखे गोधडीत गुंडाळून आणतात. आसपासच्या गावांतून संथाळ बांधव मादल घेऊन येतात. तेलुगू भजनमंडळाचा ढोलक येतो. चर्चमध्ये वाजवणाऱ्या एका तरुणाचा ड्रमसेट येतो. त्याच्या पडद्यांना कातडे नाही, पॉलिएस्टरची फिल्म असते, पण तो ताणायची रीत तीच. एक बोल्ट आवळला की शेजारचा नव्हे, समोरचा आवळायचा. आम्ही वॅगनच्या फ्लँजचे बोल्ट असेच आवळतो. तबल्याच्या गजऱ्यावर हातोडी मारतानाही तेच: एका घरावर ठोका दिला की पुढचा ठोका समोरच्या घरावर. वरून मारला की सूर चढतो, खालून मारला की उतरतो. ही एक गोष्ट मी माझ्या खात्यातून या दुकानात आणली, एवढेच माझे योगदान.

पूर्वी गाडी स्टेशनात उभी राहिली की आमच्या खात्याचा माणूस लांब दांड्याची हातोडी घेऊन चाकांवर ठोके मारत जायचा, तुमच्यापैकी वडीलधाऱ्यांना आठवत असेल. चांगले चाक घंटेसारखे वाजते, तडा गेलेले बद्द वाजते. आता त्यासाठी यंत्रे आली. पण सौ. मुलांना पहिला महिना हेच शिकवते: आधी ऐका. 'धा' कसा वाजवायचा ते नंतर, 'धा' कसा ऐकू यायला हवा ते आधी. पालकांना घाई असते. "मॅडम, प्रारंभिक परीक्षा कधी? सर्टिफिकेट कधी?" आणि तोच मुलगा आठवी-नववीत गेला की, "मॅडम, आता बोर्डाचा अभ्यास आहे, दोन वर्षे बंद." सौ. कधी वाद घालत नाही. फक्त म्हणते, "तबला घरी झाकून ठेवा, पण दिवसातून पाच मिनिटे उघडा." डिसेंबर २०२४ मध्ये उस्ताद झाकिर हुसेन गेले, त्यानंतरच्या रविवारी असे बंद केलेले चार विद्यार्थी आपणहून येऊन बसले. त्यांतली एक मुलगी आता इंजिनिअरिंगला आहे. कोणी बोलले नाही. सोळा मात्रांचा साधा तीनताल सर्वांनी मिळून अर्धा तास वाजवला, बस्स.

उधारीबद्दल थोडे सांगतो, कारण ज्याचे वादकांशी दुकान आहे त्याला उधारी चुकत नाही. वादकाच्या हाती पैसा हंगामात येतो. आपल्या गणपतीपासून सुरू होतो, विश्वकर्मा पूजा, दुर्गापूजा, कालीपूजा, मग लग्नसराई. दुर्गापूजेच्या आधी सियालदह स्टेशनवर ढाक वाजवणारे मोठ्या संख्येने जमतात आणि पूजा समित्या तिथून त्यांना ठरवून नेतात, हे तुम्ही पाहिले असेल. पण वाद्य दुरुस्त करायचे ते हंगामाच्या आधी, खिसा रिकामा असताना! म्हणून सौ.ने वही ठेवली: "आधी वाजव, मग पैसे दे." मी हिशोबी माणूस, मला धडकी भरायची. बुडाले, नाही असे नाही. पण बहुतेकांनी आणून दिले. एका ढाकवाल्याने दोन हप्ते दिले आणि तिसऱ्याच्या ऐवजी नारळ, मुरमुरे आणि गुळाची ढेप आणली. सौ.ने वहीत लिहिले, "पूर्ण मिळाले."

आता ज्या गोष्टीसाठी मी खरे तर उभा राहिलो, ती सांगतो.

२०२० सालचा मार्च. टाळेबंदी लागली. मालगाड्या चालू होत्या म्हणून माझी ड्यूटी चालू राहिली आणि पगारही आला. क्लास बंद, दुकान बंद. सौ. मोबाईलवर शिकवायचा प्रयत्न करायची, पण तबला मोबाईलमधून नीट ऐकू येत नाही, आणि समोरच्याचा 'धा' आपल्यापर्यंत येईपर्यंत सम निघून जाते. त्या वर्षी २२ ऑगस्टला गणपती आले, आपण दहा-बारा माणसांत आरती केली, आठवते ना? कीर्तने नाहीत, पूजेचे कार्यक्रम नाहीत, म्हणजे दुरुस्तीही नाही. आम्ही दादूंना धान्य आणि थोडे पैसे पाठवत होतो आणि आपण फार मोठे काम करतो आहोत असे मला वाटत होते.

सप्टेंबरमध्ये एक दिवस दादू घरी आले. दारातच उभे राहिले. हातात कापडी पिशवी. त्यात त्यांची हातोडी, वादी ओढायचा आकडा, गजरा विणायची सुई आणि तो शाई घासायचा काळा दगड. म्हणाले, "दीदीमोनी, हे ठेवून घ्या. मी एका गोदामात रात्रीची राखण धरली आहे. घरात राहिले तर कोणीतरी भंगारात देईल." त्यांचा मुलगा टोटो चालवतो, नातू मोबाईल दुरुस्ती शिकतो. हे काम कोणालाच नको होते. आणि का हवे असावे? मी हिशोब करून पाहिला. एक पुडी नीट बनवायला लागणारा वेळ आणि त्याचे मिळणारे पैसे यांचा भागाकार केला, तर आमच्याकडे झाडलोट करणाऱ्या कंत्राटी कामगाराची मजुरीसुद्धा त्याच्यापेक्षा जास्त निघत होती. आणि त्या पैशांतही, मंडळी, मी घासाघीस केलेली होती. एकदा नव्हे, अनेकदा. "दादू, दहा पुड्या आहेत, काहीतरी कमी करा." हे वाक्य माझेच.

ती पिशवी सौ.ने देवघराजवळ ठेवली. नोव्हेंबरात लोकल गाड्या सुरू झाल्या, हळूहळू क्लास सुरू झाला, पण दादू आले नाहीत. आम्ही कोलकात्याहून तयार पुड्या आणून चढवू लागलो. काम चालत होते. पण सौ. प्रत्येक पुडीवर बोट फिरवायची आणि गप्प बसायची.

२०२१ च्या हिवाळ्यात ती स्वतः त्या गोदामावर गेली. मला विचारले नाही, बरे केले. तिने दादूंना दोन गोष्टी सांगितल्या. एक, नगावर नाही, महिन्याच्या महिन्याला ठरलेली रक्कम मिळेल, काम असो वा नसो. दुसरी, पुडी बनवणे क्लासमध्ये शिकवायचे, आणि शिकवायला दादू शिक्षक म्हणून बसतील, सौ.च्या शेजारी, त्याच सतरंजीवर. दादू दोन दिवस विचार करून आले. पिशवी उघडली, दगड हातात घेतला. म्हणाले, "हात मऊ पडले."

तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे. मध्यमा परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याने चार रविवार दादूंजवळ बसायचे. पुडी उतरवणे, चढवणे, वादी ओढणे आणि शाईचा निदान एक थर देणे. हा नियम लावला त्या महिन्यात तीन मुलांची नावे पालकांनी काढून घेतली. एक पालक स्पष्टच म्हणाले, "आमचा मुलगा तबला वाजवायला येतो, चामडे शिवायला नाही." ते गृहस्थ आपल्यापैकी नव्हते, पण आपल्यापैकी असते तरी मला आश्चर्य वाटले नसते. आपण तबल्याच्या पाया पडतो, त्याला हळदकुंकू लावतो. आणि ज्याने ते कातडे हातात धरून त्यात सूर भरला, त्याला ओट्यावर बसवतो. ही रीत कोणा एका प्रांताची नाही.

यातून सगळे छान झाले असे मी सांगणार नाही. दादूंची नजर कमी झाली आहे. आजवर दोनच विद्यार्थी शाईचे पूर्ण थर देण्याइतके तयार झाले आहेत, आणि त्यांची पुडी अजून कच्ची आहे. 'ना' चांगला निघतो, 'तिं' मधे आस राहत नाही. दादू म्हणतात, अजून दोनशे पुड्या करा मग येईल. दोनशे पुड्यांइतका वेळ दादूंजवळ आहे की नाही, हे मला माहीत नाही. दुकानाचा नफाही कमी झाला आहे, कारण ती महिन्याची रक्कम निघते ती तिथूनच. सौ. म्हणते, आपल्याला पगार आहे, आपण करू शकतो. ज्याला पगार नाही त्या दुकानदाराने हे करावे असे मी कुठल्या तोंडाने सांगू?

पण आपल्या मंडळाला मी एक गोष्ट सांगू शकतो. कारण त्यातही चूक माझीच आहे.

आपल्या मंडळाच्या कपाटात एक ढोलकी आणि एक तबला-डग्गा आहे. आरतीला ढोलकी नसली तर आरती कशी वाटेल याची कल्पना करा. ती ढोलकी दर वर्षी उत्सवाआधी दादू मढवून, सुरात लावून देतात. कुठे बसून? मंडपाच्या मागे, जनरेटरच्या शेजारी. किती वर्षे? २०११ पासून, मधली दोन वर्षे सोडून. त्यांतल्या एकाही वर्षी ते मंडपात पुढच्या बाजूला येऊन बसले नाहीत. त्यांना कोणी नको म्हटले नाही. पण या म्हणूनही कोणी म्हटले नाही. मीही नाही. एकदा मी महाप्रसादाचे ताट त्यांना मागेच नेऊन दिले, आणि आपण आदरातिथ्य केले असे समजलो.

आणि जमाखर्च. २०१६ ते २०१८ मी आपला खजिनदार होतो. जुन्या स्मरणिका काढून पाहा. मंडप इतके, विद्युत रोषणाई इतकी, ध्वनिक्षेपक इतका, फुले-हार इतके. ढोलकी कुठे आहे? 'किरकोळ खर्च' या सदरात. खिळे, दोरी, काडेपेटी यांच्याबरोबर. ते मी माझ्या हाताने लिहिले आहे. रक्कम लहान होती म्हणून. पण रक्कम लहान का होती, हे मी तेव्हा स्वतःला विचारले नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत, आणि मी खाली बसतो.

पहिली: घरात जे वाद्य पडून असेल ते या महिन्यात बाहेर काढा. पावसाळ्यात ते कोरड्या कापडात गुंडाळून उंचावर ठेवा, भिंतीला टेकवून नको. उन्हात वाळवू नका, पुडी तडकते. वाजवण्याआधी हात कोरडे करा. आणि नवीन घेणार असाल तर डग्ग्याच्या चकाकीवर जाऊ नका. मी गेलो होतो!

दुसरी: यंदाच्या जमाखर्चात 'वाद्य दुरुस्ती व कारागीर मानधन' असे वेगळे सदर असावे. रक्कम कार्यकारिणीने ठरवावी, पण घासाघीस करून नव्हे.

तिसरी: पहिल्या दिवशी, प्राणप्रतिष्ठेनंतर, आरतीच्या आधी ढोलकी दादूंनी मंडपात, बाप्पांच्या समोर बसून सुरात लावावी. पाच मिनिटांचे काम आहे. मुलांना ते दिसू द्या. हातोडीचा ठोका कुठे पडतो, माणूस कान कसा लावतो, सूर लागला की चेहरा कसा बदलतो, हे आपल्या मुलांनी पाहिले पाहिजे. ते येतील का, हे मी त्यांना अजून विचारलेले नाही. विचारायला मी एकट्याने जाऊ नये असे मला वाटते. अध्यक्ष महोदय, आपण माझ्याबरोबर याल का? रविवारी दुपारी ते दुकानात असतात. चहा माझ्याकडून.

एवढे बोलून मी माझे भाषण संपवतो. काही अधिकउणे बोललो असेन तर क्षमा असावी.

गणपती बाप्पा मोरया!